गुरुजी खाली आहेत

पहिलं बेट

टेकडीवर पोचल्या पोचल्या वन्संनी बूड टेकलं आणि बूट काढले. "मेले हे डोंगर. एवढं चढून विचारायचं काय, तर ऐकू येतंय का. ते घरबसल्या फोनवर विचारता येत नाही?"

तिने गळाची लांब काठी एकेक नळी ओढून उंच केली, टोकाला तार, तारेचं दुसरं टोक दगडाखाली, डब्याएवढा रेडिओ सेट मांडीवर, बॅटरी शेजारी. हात आपले काम करत होते. ती दातांच्या कवळ्या करते. तिच्या हातांना तिची गरज लागत नाही, असं नवरा म्हणायचा.

नवरा उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला. झोपेत. या सहलीची बोटीची तिकिटं त्यानेच काढून ठेवली होती. चार बेटं, प्रत्येक बेटावरची सगळ्यात उंच टेकडी, माणसं दोन. त्याच्या जागी त्याची थोरली बहीण आली. वन्संनी जन्मभर बस चालवली. रिकामी सीट त्यांना बघवत नाही.

हौशी रेडिओवाल्यांचा नियम असा, की टेकडीवरून निदान चार जणांशी बोलणं झालं तरच ती टेकडी तुमच्या नावावर जमा. आणि बोलणं तरी काय: तुझा आवाज मला किती स्पष्ट, माझा तुला किती, दोन-दोन आकडे (शब्द किती कळले ते पाचापैकी, आवाजाचा जोर नवापैकी), धन्यवाद, पुढचा. घरी सेटपाशी बसून टेकडीवाल्यांची वाट बघणारी ठरलेली मंडळी असतात. त्यातला पोस्टमास्तर पहिला आला.

"पाच-सात, वहिनी! छान येताय. गुरुजी कुठे आज?"

गुरुजी म्हणजे तिचा नवरा. हवेत भेटेल त्याच्या चुका काढायचा म्हणून गुरुजी.

मागे हवेत अजून तिघे ताटकळले होते.

"खाली आहेत," ती म्हणाली. "पाच-पाच. धन्यवाद. पुढचा."

वन्सं बुटातला खडा काढत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला.

बोट

"खाली आहेत?"

"रांग लागली होती, वन्सं."

"अगं, 'गेला' म्हणायला किती वेळ लागतो?"

ती समुद्राकडे बघत होती. समुद्र होता.

घरी सगळ्यांना वन्संनीच कळवलं होतं. फोन त्यांनी केले, दारात आलेल्यांना त्यांनी सांगितलं, कवळ्यांच्या कारखान्यात जाऊन मालकाला सांगितलं तेही त्यांनीच. ती शेजारी उभी राहून मान हलवायची. ते वाक्य तिच्या तोंडून अजून एकदाही निघालं नव्हतं, हे वन्संच्या ध्यानात आलं ते इथे, बोटीत, हातात गार झालेला चहा घेऊन.

दुसरं बेट

धुकं. चार जण. दोघांनी विचारलं. खाली आहेत.

तिसरं बेट, हेडफोनमध्ये आलं तेवढं

— अजून खालीच? गुडघे धरले की काय गुरुजींचे?

— पाच-नऊ, वहिनी. हॉटेलात लोळत असणार. तुम्ही डोंगर चढा आणि ते गादीवर!

— त्यांना म्हणावं, मी नवीन अँटेना बांधलीय. आता काढून दाखवा चूक.

(सांगते, ती म्हणाली.)

मधली संध्याकाळ

इथे एक प्रसंग यायला हवा होता. हॉटेलची खोली, दोन पलंग, नणंद-भावजय गळ्यात गळा घालून. तसं काही झालं नाही. वन्संनी मोजे धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकले आणि म्हणाल्या, "उद्याची शेवटची टेकडी. माझ्या भावाची माणसं आहेत ती. तो नाही हे त्यांना कळायला नको? त्याची थट्टा करतायत बिचारे, हेडफोनबाहेर मलाही ऐकू येतं, आणि तू म्हणतेस सांगते. कुणाला सांगतेस?"

ती पाव चावत होती.

"तुला जमत नसेल तर ते डबडं माझ्याकडे दे. मी बोलते."

"तुमच्याकडे लायसन्स नाही."

"बसचं आहे."

विनोद बरा होता. दोघीही हसल्या नाहीत.

चौथं बेट

वारा असा, की काठी धनुष्यासारखी वाकली. वन्संनी काठीला दोन्ही हातांनी कवटाळलं. आज सगळ्यांचे आवाज पातळ होते. पोस्टमास्तर तर विहिरीतून बोलावं तसा.

"तीन-दोन... वहिनी... गुरुजी?"

तिने बटण दाबलं. दाबून धरलं. तिकडे थोडा वेळ नुसता वारा गेला असणार.

"गुरुजी वारले."

"पुन्हा सांगा."

"गुरुजी वारले."

"तुटतंय, वहिनी. गुरुजींचं काय?"

"वारले! उन्हाळ्यात! झोपेत वारले!"

उतारावरच्या मेंढीने मान वर करून पाहिलं. घसा दुखला. दुसरं काही दुखलं नाही.

"नाही कळत, वहिनी. माफ करा."

तेवढ्यात एक तिसरा आवाज आला, लख्ख. कुणी अनोळखी बाई. हवेतली रीत आहे: दोघांना एकमेकांचं ऐकू येत नसेल आणि मधल्या कुणाला दोन्हीकडचं येत असेल, तर त्याने निरोप पोचवायचा. जसाच्या तसा, पदरचं काही न घालता. आणि पोचवला की ज्याचा निरोप त्याला विचारून घ्यायचं.

"मी पोचवते," बाई म्हणाली. "पोस्टमास्तर, टेकडीवरून निरोप. गुरुजी वारले. उन्हाळ्यात. झोपेत वारले. टेकडी, मी बरोबर सांगितलं का?"

वन्संच्या तोंडून तिने हे कितीदा ऐकलं होतं, पण वन्सं सांगताना रडायच्या, आणि मग ते वन्संचं व्हायचं. ही बाई आकडे सांगावेत तसं सांगून थांबली होती. आणि या प्रश्नाचं उत्तर टेकडीवरूनच जायला हवं होतं.

"काय म्हणतायत?" वन्सं काठीजवळून ओरडल्या.

"विचारतायत, बरोबर का."

"मग?"

अंगठा गारठून बटणावर बसेना. तिने दुसऱ्या हाताने तो दाबला.

"बरोबर," ती म्हणाली.

मग फार लांबून पोस्टमास्तर म्हणाला, समजलं. आणखीही काही म्हणाला, ते वाऱ्यात गेलं.

"टेकडी," बाई हलकेच म्हणाली, "तुमचे आकडे राहिलेत. पोस्टमास्तर थांबलेत."

"पाच-एक."

वन्सं रडत होत्या, तोंड काठीला लावून, आवाज न करता. त्यांच्याबरोबर काठी हलत होती, तार हलत होती, आणि पुढच्या माणसाचा आवाज येत होता, जात होता.