प्रदीपकुमारचा रिपोर्ट

बंगळूरच्या चिकपेटमधल्या दुकानामागच्या खोलीत प्रदीपकुमारनं बायकोचं डोकं कपाटावर आपटलं, तेव्हा बाहेर गिऱ्हाइकं साड्या बघत होती. मेघाश्रीनं ओरडू नये म्हणून त्यानं तिचं तोंड दाबून धरलं होतं. तिनं फक्त त्याच्या तपासणीचा रिपोर्ट पुढे केला होता. वीर्यात एकही शुक्राणू नव्हता.

सहा वर्षं सगळे उपचार तिच्यावरच झाले होते. गोळ्या, पोटात इंजेक्शनं, दोनदा दुर्बिणीतून ऑपरेशन. पुढचा उपचार कोणता हे सासू शारदाबाई ठरवायच्या, आणि प्रदीपकुमार तपासणीचं नाव काढू द्यायचा नाही. शेवटी नव्या डॉक्टरीणबाई अडून बसल्या, म्हणून तो गेला. आता मार्ग दोनच होते. शस्त्रक्रिया करून त्याच्या अंडकोषात शुक्राणू शोधायचे, नाहीतर दात्याचे घ्यायचे. त्याला अंगाला सुरी लावून घ्यायची नव्हती आणि परक्याचं मूलही नको होतं.

"घरी सांगायचं, तुझी बीजं खराब आहेत," तो म्हणाला. "इंजेक्शनं चालू ठेवायची. सरी? कळलं ना?"

मेघाश्रीनं नाकातलं रक्त पुसलं आणि ती जिना चढून वर घरात गेली. स्वयंपाकघरात शारदाबाई भाजी निवडत होत्या. तिनं रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यात काय आहे ते सांगून टाकलं.

प्रदीपकुमार कापड मोजायचा लोखंडी गज घेऊनच वर आला. दोन फटके तिच्या पाठीवर बसले, तिसरा दंडावर. ती ओट्यावर कोसळली. शारदाबाई मध्ये आल्या.

"अप्पू, तिला मारू नकोस. मला ठाऊक होतं."

तो चौदा वर्षांचा असताना गालगुंड झालं होतं, ते खाली अंडकोषात उतरलं होतं. मूल होणं अवघड आहे, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शारदाबाईंनी ते कुणालाच कळू दिलं नव्हतं, त्यालाही नाही.

प्रदीपकुमारनं आईच्याच कपाळावर गज हाणला. बाई भिंतीला घासत खाली बसल्या. त्यानं पुन्हा हात उचलला, तेव्हा मेघाश्रीनं गज हिसकावला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. तो गुडघ्यांवर आला. मग ती सासूकडे वळली. ज्या बाईनं सगळं माहीत असून तिला ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला पाठवलं होतं, तिच्या डोक्यावर तिनं गज उगारला. शारदाबाईंनी डोळे मिटले. हात खाली यायला बराच वेळ लागला, पण तो रिकाम्या फरशीवर आला.

त्याच दिवशी तिनं पोलिसांत तक्रार दिली आणि आनेकलला बहिणीकडे, वीणाकडे गेली.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंचा फोन आला. प्रदीपकुमार शस्त्रक्रियेला तयार झाला होता, आता तिची सही हवी होती. मेघाश्री दवाखान्यात गेली. तो बाहेर प्लॅस्टर घातलेला हात घेऊन बसला होता, त्याच्याकडे न बघता ती आत शिरली.

"मला अजून आई व्हायचंय, डॉक्टर," ती म्हणाली. "पण ह्याच्या मुलाची नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोरचा संमतीचा कागद काढून घेतला.