कोपरापर्यंतचं माप

भरल्या मिरच्यांचं ताट घेऊन वेलिका जिना चढली आणि वरच्या खोलीच्या दारात खिळून उभी राहिली. तिचा क्रासेन जमिनीवर उताणा पडला होता. डोळे मिटलेले, पाय जुळलेले, हात छातीवर. सून झोर्नित्सा त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसली होती आणि पांढऱ्या सुताचा धागा त्याच्या टाचेपासून कोपरापर्यंत ताणून धरत होती. धागा कोपराला पोचला तशी तिनं त्याला गाठ मारली.

वेलिकाच्या हातून ताट पडलं नाही. तिच्या हातून आजवर काही पडलेलं नाही. ताट वाजू न देता तिनं पायरीवर ठेवलं, भिंतीचा आधार घेत खाली आली आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर टेकली. क्रासेनचा सदरा वरखाली होत होता, हे तिनं पाहिलं होतं. पोरगा झोपलेला होता, जिवंत होता. तिला भीती वाटली ती त्यामुळेच.

त्र्यावना गावात धाग्यानं मोजतात ते मेलेल्याला. अंगाएवढा धागा घ्यायचा, मेणात भिजवायचा, त्याचं वेटोळं करून छातीवर ठेवायचं आणि मग चाळीस दिवस रोज थोडं थोडं थडग्यावर जाळायचं. अकरा वर्षांपूर्वी वेलिकानं आपल्या नवऱ्याला, दोब्रीला, याच हातांनी मोजलं होतं. आणि जिवंत माणसाचं माप त्याच्या नकळत घेतलं तर काय होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पूर्वीचे गवंडी भिंत टिकेना की वाटेनं जाणाऱ्याची सावली गुपचूप धाग्यानं मोजायचे आणि तो धागा भिंतीच्या पायात पुरायचे. भिंत उभी राहायची, माणूस चाळीस दिवसांत आडवा व्हायचा. नदीवरचा कोणता पूल कोणाच्या जिवावर उभा आहे, हे वेलिकाच्या सासूनं तिला बोट दाखवून सांगितलं होतं.

पण सून पडली सोफिया शहरातली. तिथं माणसं एकमेकांच्या डोक्यावर मजले चढवून राहतात, आणि कोण मेलं ते जिन्यावर चिकटवलेल्या कागदावरून कळतं. तिला काय कपाळ ठाऊक असणार?

थोड्या वेळानं झोर्नित्सा ताट घेऊन खाली आली ती हसतच. आई, मिरच्या पायरीवरच कशा ठेवल्यात, असं विचारत तिनं सगळं स्वतःच सांगून टाकलं. क्रासेन एका जर्मन विमा कंपनीचं काम घरातूनच करायचा. दिवसाचे नऊ तास पडद्यापुढे बसून वसंतापासून त्याची पाठ कामातून गेली होती. जेवायचा उभ्यानं, दुपारी अर्धा तास जमिनीवर पाठ टेकायचा. डॉक्टर म्हणाले होते, अर्धा दिवस उभ्यानं काम कर. म्हणून वाढदिवसाला त्याच्यासाठी उंच टेबल करून घ्यायचं, पण त्याला कळू द्यायचं नाही. दुकानातलं वरखाली होणारं टेबल एकदा आणून पाहिलं होतं. या घराच्या उतरत्या फळ्यांवर ते नुकत्या जन्मलेल्या वासरासारखं थरथरायला लागलं, म्हणून परत पाठवलं. आता मिन्को सुताराकडून अक्रोडाचं पक्कं करून घेऊ. लोखंडी टेप करकरला असता आणि तो जागा झाला असता, म्हणून तुमच्याच खणातला धागा घेतला.

त्या खणात वेलिकानं वातीचं सूत ठेवलं होतं. दोब्रीच्या वेळचंच.

तिच्या तोंडून आधी निघाला तो राग, कारण भीती दाखवायची तिला सवय नव्हती. "चौतीस वर्षं मी गिरणीत मागापुढे उभी होते. पायाच्या शिरांचे दोरखंड झाले. कशासाठी? पोराला खुर्ची मिळावी म्हणून. आणि तू त्याला परत उभा करतेस?"

"आई, त्या खुर्चीनंच त्याची पाठ मोडली," झोर्नित्सा म्हणाली.

वेलिकानं हात पुढे केला. धागा दे म्हणाली, बाजारात जाणारच आहे, मिन्कोकडे मीच देते. झोर्नित्सानं तिच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तीन वर्षांत सासूनं आपण होऊन केलेली ही पहिली मदत होती. तिनं धागा आनंदानं देऊन टाकला.

घेतलेलं माप रितं परत जात नाही, असं वेलिकाची सासू सांगायची. धागा जाळला तर माणूस अधिकच लवकर जातो. एकच वाट असते. गाठ सोडायची, धागा वाहत्या पाण्यात टाकायचा, आणि त्याच कामासाठी दुसऱ्याचं माप द्यायचं, तेही त्या दुसऱ्याच्या राजीखुशीनं. वेलिकानं गाठ सोडली आणि पुलावरून धागा नदीत टाकला. मग घरामागच्या पडवीत जाऊन नव्या धाग्याचं टोक टाचेखाली दाबलं, कोपरापर्यंत ताणलं आणि गाठ मारली. राजी कोण आहे, हे तिला कोणाला विचारायचं नव्हतं.

मिन्को तिच्या वर्गातला. दोघांचीही शाळा चौथीत संपली. तो रंध्याकडे गेला, ती मागाकडे. अर्ध्या गावाची दारं त्याच्या हातची आणि अर्ध्या गावाच्या शवपेट्याही. त्यानं धागा बोटांतून ओढला आणि त्याची बोटं थांबली.

"क्रासेन माझ्या दारातून वाकून आत येतो, वेलिका. हे वीतभर आखूड आहे."

"तुला माप दिलंय. नाव विचार म्हणून नाही सांगितलं."

"सुताराला नाव सांगावं लागत नाही." त्यानं तिच्या टाचेकडे पाहिलं, मग कोपराकडे, आणि धागा तापल्यासारखा खाली ठेवला. "त्याला कोणी मोजलं?"

तिनं चार वाक्यांत सांगितलं. त्यानं समजावून पाहिलं. पोरीनं मोजलं ते टेबलासाठी, तिच्या मनात काही वावगं नव्हतं, टेबल म्हणजे काय पुलाची भिंत आहे? वेलिका म्हणाली, मरण येतं तेव्हा कशासाठी मोजलं होतं ते विचारत बसत नाही. मिन्कोनं बराच वेळ भुशात पाय फिरवला. मग म्हणाला, टेबल आखूड निघालं की सगळ्यांसमोर माझी अब्रू जाईल, त्याचं काय? तेव्हा मी काय सांगू?

"म्हातारा झालो म्हणून सांग. खोटं नाही बोलावं लागणार."

तो हसला नाही. धागा मात्र त्यानं उचलला.

दुसऱ्या दिवसापासून वेलिकानं आवराआवर काढली. पेटीतला काळा पोशाख उन्हात घातला, डोक्याचा रुमाल इस्त्री करून घडीवर घडी घालून ठेवला. झोर्नित्साला चुलीपाशी उभं करून मिरच्या भाजून त्यांची चटणी बरण्यांत कशी भरायची ते शिकवलं. हात आखडता घेऊ नकोस, मीठ काही तुझ्या बापाच्या घरून आणायचं नाहीये, असं म्हणत शिकवलं. चीज भरलेल्या बानित्साचं पीठ ओढून ओढून कागदासारखं पातळ करायला शिकवलं. पहिल्या दिवशी पिठाला इतकी भोकं पडली, की वेलिका म्हणाली, यातून चीज कसलं, बोकडही पलीकडे जाईल. झोर्नित्सा हसून हसून ओट्याला टेकली. सोफियाला आपल्या आईला तिनं फोनवर सांगितलं की सासूबाई बदलल्या गं, हल्ली माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. वेलिकानं ते दाराआडून ऐकलं आणि बरणीचं झाकण घट्ट केलं. वर क्रासेन खोकला की मात्र तिच्या हातातलं काम थांबायचं. तो परत बोलायला लागेपर्यंत ती श्वास धरून राहायची.

मापापासून एकतिसाव्या दिवशी क्रासेनचा वाढदिवस आला. शेजारच्या दोन घरची माणसं होती, प्लमची दारू, रकिया, होती. मिन्को आणि त्याचा जावई चादरीत गुंडाळलेलं टेबल वर घेऊन आले. चादर ओढल्यावर सगळे पुढे सरकले, असं ते टेबल झालं होतं. अक्रोडाच्या रेषा पाण्यासारख्या वाहत होत्या, कुठे खिळा नव्हता, उतरत्या फळ्यांवर हलण्याचं नाव नव्हतं. क्रासेनचे डोळे भरले. तो पुढे झाला आणि त्यानं हात टेकवायला पाहिलं. हात खाली, खाली जात राहिले. कमरेतून वाकेपर्यंत टेबल आलंच नाही. आणि आलं तेव्हा पाठीत अशी कळ गेली, की तो एका गुडघ्यावर बसला.

झोर्नित्सानं आधी त्याला उठवलं, मग टेप आणून टेबल मोजलं, पुन्हा मोजलं. मिन्कोकडे वळून ती जे बोलली ते शेजाऱ्यांनी खाली बघत ऐकलं. धागा नुसता खिशात ठेवलात की पाहिलातही? आजारी माणसासाठी काम होतं हे. गावात तुमच्या हातचं साधं स्टूलसुद्धा कोणी घेऊ नये, मी एकेकाला सांगेन. मिन्को टोपी दोन्ही हातांत फिरवत राहिला.

"म्हातारा झालो, पोरी," तो म्हणाला.

वेलिकानं त्या हातांकडे पाहिलं. या हातांनी दोब्रीची शवपेटी केली होती आणि मजुरीचं नावही काढलं नव्हतं. मरायला ती तयार होती. पण आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन मरायला ती जन्मली नव्हती.

"माप माझं आहे," ती म्हणाली.

कोणालाच काही कळेना. तेव्हा ती पुढे झाली आणि टेबलावर कोपर टेकले. खांदा उचलावा लागला नाही, पाठ वाकली नाही. शिंप्यानं अंगावर घालून बेतावं तसं ते टेबल तिला बसलं. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. जिन्यावरून काय दिसलं, धागा कुठे गेला, नवा कोणाचा आला. "माप घेतलं की ते कोणाच्या तरी अंगावर जातं. ते मी माझ्या अंगावर घेतलं. मिन्कोला बोलू नकोस."

क्रासेन हसायला गेला आणि हसू अर्ध्यात राहिलं. तो याच गावात वाढला होता.

झोर्नित्साचा आवाज फाटला. "म्हणजे मी त्याच्या जिवावर उठले होते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तुला ठाऊक नव्हतं."

"मग मला सांगायचं होतं ना."

"तू हसली असतीस."

ती हसली असती, हे तिलाही कळत होतं. मग तिनं किती दिवस झाले ते विचारलं. एकतीस, वेलिका म्हणाली. झोर्नित्सा जागच्या जागी जमिनीवर बसली. काळा पोशाख दोरीवर का दिसला होता, बरण्या आत्ताच का भरल्या, पिठाची एवढी घाई कसली होती, हे एकेक करून तिच्या चेहऱ्यावर उमटत गेलं.

"मला वाटलं, मी तुम्हाला आवडायला लागले," ती म्हणाली.

असली वाक्यं वेलिकानं कधी बोलली नव्हती.

"तेही होतंच थोडं."

मिन्कोनं घसा खाकरला आणि दाराशी ठेवलेल्या पिशवीतून चार अक्रोडाचे ठोकळे काढले. वीतवीतभर उंच, टेबलाच्याच फळीतले, पायाखाली बसतील असे खाच पाडलेले. टेबलाबरोबरच केले होते, म्हणाला. चाळीस झाले की येऊन लावीन. त्याआधी कोणी पाया पडलं तरी लावणार नाही. वेलिकानं त्याला दोन शिव्या दिल्या आणि सगळ्यांच्या आधी त्याचा पेला भरला.

पुढचे नऊ दिवस झोर्नित्सा आपला संगणक घेऊन स्वयंपाकघरात बसू लागली. ती दूरच्या शहरांतल्या लोकांना पडद्यावरून बल्गेरियन शिकवायची. खाली नेट चांगलं मिळतं, म्हणाली. स्वयंपाकघरात नेट कधीच पोचत नसे, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. शिकवता शिकवता आवाज तुटला की ती माफी मागायची आणि तिथंच बसून राहायची. सासूला डुलकी लागली की झोर्नित्साचं बोलणं बंद पडायचं. क्रासेननं फळांची दोन खोकी टेबलावर ठेवून त्यांवर संगणक ठेवला. वेलिकानं विचार करून तेवढी परवानगी दिली. खोक्यांनी संगणक उंच होतो, टेबल नाही.

चाळिसावा दिवस गेला. एकेचाळिसाव्या सकाळी वेलिकानं डोळे उघडले आणि छतावरचं ऊन पाहून तिला धक्काच बसला. तिनं पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. एवढी इस्त्री करून ठेवली आणि बोलावणंच आलं नाही, याचा तिला जरा अपमानच वाटला. मान वळवली तर दारात झोर्नित्सा अनवाणी उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिचे दोन्ही हात तोंडावर होते.

"बघतेस काय?" वेलिका म्हणाली. "कॉफी ठेव."

दहा वाजता मिन्को आला. ठोकळे पायाखाली बसवले, डिंक लावला, हातोडीनं हळूच ठोकले. टेबल वीतभर वर चढलं. क्रासेन ताठ उभा राहिला, कोपर टेकले आणि मोठा श्वास सोडला. तासाभरात तो जर्मनमधून कोणाशी तरी भांडत होता. पाठ सरळ होती.

दुपारी तो जेवायला खाली गेला तेव्हा वेलिका एकटी वर गेली. दार लोटून टेबलापाशी उभी राहिली आणि कोपर टेकायला गेली. ते पोचले नाहीत. टाचा उचलल्या, तरी नाहीत. दुकानाच्या फळीशी उभ्या राहिलेल्या लहान मुलीसारखे तिचे नुसते तळहात लाकडावर राहिले. टेबल आता तिच्या मापाचं राहिलं नव्हतं. मग तळहातांचे डाग पडले होते ते तिनं एप्रनच्या टोकानं पुसले, लाकूड पुन्हा चमकेपर्यंत पुसले, आणि कठड्याला न धरता जिना उतरली.