पोरं किती म्हणून विचारू नये

लग्न होऊन नातेपुत्याहून बंडगरवस्तीवर आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी सासऱ्यांना विचारलं होतं, "मामा, मेंढरं किती हायेत आपली?" मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी त्यांच्या खिशात हात घातला होता. "हायेत की चार-दोन," म्हणाले आणि उठून गेले. मागं मेंढरांनी एवढा कालवा चालवला होता, की त्यांचं हे चार-दोनसुद्धा मला धड ऐकू आलं नाही.

पुढं कळलं. आमच्यात कळपाचा खरा आकडा कुणाला सांगत नाहीत. सांगितला की नजर लागते. संध्याकाळी मेंढरं आत शिरताना आमची माणसं तोंडं बघून ओळखतात, एखादं मागं राहिलं तर तिथल्या तिथं सांगतात, पण बोटानं मोजत नाहीत. कुणी विचारलंच तर निम्म्याहून कमी सांगून मोकळी होतात. आणि जो नियम मेंढरांना, तोच पोरांना. मी बाजारपेठेत वाढलेली, बारावी झालेली. मला या सगळ्याचं लई हसू यायचं, आणि मी ते लपवायचेही नाही.

वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, चौथीपर्यंत, दोन खोल्यांची. नंदीश गुरुजी एकटे शिकवतात. ते अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे. मराठीत शिकवतात आणि राग आला की कन्नडमध्ये बोलतात, त्यामुळे वस्तीवरच्या पोरांना दुसरी भाषा फक्त रागावण्यापुरती येते. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी आहे. निवडून वगैरे आले नाही. सभेत शेवटपर्यंत बसून राहणारी मी एकटीच निघाले, म्हणून झाले.

यंदा बातमी आली, की वीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद करून पोरांना लांबच्या मोठ्या शाळेत न्यायचं सरकारच्या मनात आहे. आमचा पट बरोबर वीस. एक पोर इकडचं तिकडं झालं तर शाळेला कुलूप. मोठी शाळा हायवेच्या पलीकडं, आणि त्या हायवेवरनं उसाच्या ट्रॉल्या अशा धावतात की मोठी माणसंसुद्धा देवाचं नाव घेऊन रस्ता ओलांडतात. माझा हणमंता चौथीत, बानू दुसरीत. मामांनी सांगून टाकलं होतं, "पोराला धाडू तिकडं. पोरीचं बघू." आमच्या घरातल्या त्या 'बघू'चा अर्थ मला पक्का ठाऊक आहे. बानूची शाळा संपली, असा त्याचा अर्थ.

दिवाळीनंतर एक साहेब पट तपासायला आले. नेमकी त्या दिवशी शेजारच्या गावात बिरोबाची जत्रा होती. पोरं आणि त्यांचे आईबाप तिकडं, मी भावाच्या पोराच्या बारशाला नातेपुत्याला. वर्गात गुरुजी आणि एक शेळी. साहेबांचा हजेरीवर विश्वास बसेना, म्हणून ते घरोघर विचारत फिरले. घरी होती ती सगळी म्हातारी माणसं.

साहेब येऊन गेले एवढं गुरुजी म्हणाले होते, पण घरोघर काय उत्तरं मिळाली ते मला माहीतच नव्हतं. कळलं ते थेट डिसेंबरात, नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झाल्यावर. आमदारांच्या पीएचा फोन आला. "ताई, साहेबांनी तालुक्यातल्या शाळांचा विषय लक्षवेधीत घेतलाय. पण तुमच्या शाळेचं उत्तर वेगळंच आलंय. तुमच्या पालकांनीच सांगितलंय म्हणे, वस्तीवर शाळेत जाणारी पोरं सातच आहेत. बाकीची नावं गुरुजींनी खोटी घुसडली, असं खातं म्हणतंय."

माझं डोकंच फिरलं. फोन ठेवला तो तडक सासूबाईंपुढं जाऊन उभी राहिले. त्या उन्हात लोकर निवडत बसल्या होत्या.

"आत्या, जत्रंच्या दिशी सायेब आलता, त्यानं पोरं किती म्हनून इचारलं व्हय तुमाला?"

"इचारलं की."

"मग काय सांगितलं?"

"एकबी न्हाय म्हनलं."

"एकबी न्हाय? मग हनमंता आनि बानू काय शेजाऱ्याची हायेत?"

"अगं, नवखा मानूस," आत्या शांतपणे म्हणाल्या. "गाडीतनं उतरला, उंबऱ्याशी हुबा ऱ्हायला आनि थेट पोरं मोजाया लागला. असल्याला खरं सांगतेत व्हय?"

मी घरोघर हिंडले. सगळीकडं हीच हुशारी. सिद्धप्पा आज्जांना तीन नातवंडं. त्यांनी "एक हाय, त्येबी किरकिरं" असं सांगून साहेबाला वाटेला लावलं होतं, आणि ते मला सांगताना त्यांची छाती फुगली होती. नंदीश गुरुजींना सांगितलं तेव्हा ते पायरीवर बसले आणि बराच वेळ कन्नडमध्येच बोलले. माणसाची नोकरी जायची वेळ आली होती, आणि ती आणली कुणी? ज्यांच्या नातवंडांची नाकं पुसून त्यानं त्यांना बाराखडी शिकवली, त्यांनी.

जिल्ह्यातले पालक धरणं धरायला नागपूरला निघालेच होते. पीए म्हणाला, तुम्हीही या, खात्याच्या साहेबांपुढं समक्ष सांगा, सभागृहात उत्तर व्हायच्या आत दुरुस्ती होईल. गुरुजींनी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. पण त्यात 'वीस' हा आकडा दिसला आणि एकही म्हातारं अंगठा देईना. मी चिडले, आरडाओरडा केला, शेवटी हात जोडले. त्यावर मामांनी तोड काढली. आकड्याची जागा कोरी ठेवायची, अंगठे घ्यायचे, आणि आकडा सोनमनं, म्हणजे मी, नागपुरात तोंडानं सांगायचा.

"लई लांब हाय नागपूर," मामा म्हणाले. "तितनं नजर पोचत न्हाय."

"सांगते की," मी म्हणाले. "माझ्या काय जिभंला काटा टोचतोय?"

त्या दिवशी जबाब दिलेल्यांपैकी कुणीतरी बरोबर हवं होतं. मेंढरं सोडून कोण येणार? आत्या तयार झाल्या. गुरुजींनाही घेऊन कुर्डुवाडीला गाडीत बसलो. आत्यांचा हा पहिलाच रेल्वेचा प्रवास, पण भ्यायच्या ऐवजी त्यांनी डबाच ताब्यात घेतला. वैरागकडच्या पालकांना शेंगाचटणी वाटली, अक्कलकोटहून आलेल्या तिप्पण्णा नावाच्या पालकांशी स्वतःला येतात तेवढ्या चार कन्नड शब्दांत गप्पा मारल्या, आणि तिकीट तपासायला आलेल्या माणसालाच विचारलं, "तुमची पोरं कुटल्या शाळंत जात्यात?" तो इंग्रजी शाळेचं नाव सांगून निसटला.

नागपुरात मांडवात बसलो. आजूबाजूला हरतऱ्हेची आंदोलनं, प्रत्येकाचा वेगळा भोंगा. आमच्याकडं भोंगा नव्हता, पण आत्या होत्या. साऱ्या जन्मात माळावरनं पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं हाकारलेला तो आवाज. "आमची शाळा!" असं त्या ओरडल्या, की शेजारच्या मांडवातली माणसं आपली घोषणा सोडून "चालू ठेवा!" म्हणायची. बंदोबस्ताच्या पोलीस बाईंनी त्यांना स्वतःजवळचं पाणी दिलं. मला तर इतकं बरं वाटत होतं, की आपण इथं कशाला आलोय हेच घडीभर विसरायला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमदारांनी पास काढून आम्हा तिघांना, मला, आत्यांना आणि गुरुजींना, आत नेलं. खात्याचे साहेब भला माणूस निघाले. समोर फायलींचा ढीग, चहा गार झालेला, तरी त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. म्हणाले, "उत्तर दुपारी आहे. तुमच्या लोकांनीच पूर्वी सात सांगितलेत, म्हणून मी तुमच्याच तोंडून ऐकणार. घरवार सांगा. मी इथंच दुरुस्त करून मंत्र्यांकडं पाठवतो."

मी पदर खोचला आणि सुरू केलं. सिद्धप्पा आज्जांच्या घरात तीन. मळ्यातल्या म्हांकाळाच्या घरात चार. एकेक घर, एकेक आकडा, कुठं अडखळले नाही. आत्या बाजूला बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. प्रत्येक घराला त्यांचा अंगठा बोटांवरनं फिरत होता, बहुधा बिरोबाची माफी मागत असाव्यात. मला मनातल्या मनात हसू येत होतं. साहेब लिहीत होते, त्यांचा कारकून लिहीत होता, दारात आमदारांचे चार कार्यकर्ते माना पुढं काढून ऐकत होते, एकजण मोबाईलवर शूटिंग करत होता.

"झालं?" साहेबांनी वर बघितलं. "आणि तुमच्या घरात किती?"

सगळे माझ्याकडं बघत होते. तो मोबाईलही. आणि मला काय झालं कोण जाणे. श्रावणात बानूला ताप चढला होता, सोलापूरच्या दवाखान्यात तिच्या काडीएवढ्या हाताला सलाईन लावलं होतं आणि डॉक्टर काही बोलत नव्हते, ते दिवस एकदम डोळ्यांपुढं उभे राहिले. इतक्या अनोळखी माणसांच्या देखत तिला बोटावर मोजायचं?

"एक," मी म्हणाले.

कारकुनानं बेरीज केली. "एकोणीस, सर."

"एकोणीस?" साहेबांनी चष्मा काढला. "अहो ताई, मग शाळा वीसच्या आतच येते की."

गुरुजींच्या तोंडून कन्नडसुद्धा फुटेना. आणि मी? जिनं वस्तीवरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला अडाणी ठरवलं होतं, ती मी. चुकलं, दोन म्हणायचं होतं, एवढं साधं बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटली होती.

शेजारची खुर्ची सरकली. आत्या उभ्या राहिल्या. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि दोन्ही हात साहेबांच्या टेबलावर टेकले.

"दोन," त्या म्हणाल्या. "थोरला हनमंता. आनि आमची बानू. दुसरीत हाय. वाचती. माज्या गुडघ्याच्या औशिदावर काय लिवलंय, त्ये तीच मला वाचून दावती. तिला धरून वीस हुत्यात. लिव्हा सायेब, वीस."

हे सगळं माळावरच्या आवाजात. बाहेरच्या पट्टेवाल्यानंसुद्धा आत डोकावून बघितलं.

साहेबांच्या ओठांवर हसू आलं. "आजी, मग त्या दिवशी एकही नाही म्हणून का सांगितलंत?"

"त्यो शाळा न्यायला मोजत हुता," आत्या म्हणाल्या. "तुमी ठिवायला मोजताय. न्हाय का?"

साहेबांनी पेन उचललं. मग म्हणाले, "हो. ठेवायलाच." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं, कारकुनाकडं न देता, आकडा दुरुस्त केला.

दुपारी आमदार स्वतः मांडवात आले. सभागृहात मंत्री म्हणाले होते, की बंडगरवस्तीची शाळा बंद होणार नाही आणि गुरुजींवर कसलीही कारवाई होणार नाही. तालुक्यातल्या बाकी शाळांची पुन्हा तपासणी करायची, आणि तीही पोरं शाळेत असताना, घरी म्हातारी माणसं असताना नाही, हेही ठरलं. शेवटचं वाक्य आमदारांनी हसत हसत सांगितलं. तिप्पण्णांनी गुरुजींना मिठी मारली, दोघं कन्नडमध्ये एकदमच बोलत सुटले, आणि यावेळी त्यात राग नव्हता. गुरुजींनी सगळ्यांसाठी संत्री आणली. मीही सगळ्यांबरोबर ओरडले, टाळ्या वाजवल्या, पण माझं ते 'एक' डोक्यातनं जाईना.

संध्याकाळी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. आत्या संत्र्याच्या फोडी सोलून माझ्या हातावर ठेवत होत्या. मला राहवेना.

"आत्या, भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. अजून वाटतंय. घरी गेल्यावर मीठ-मोहऱ्या उतरून टाकते, सगळ्याच पोरांवरनं."

"मग सांगितलंत कसं? माझं तर तोंडच उघडंना."

आत्यांनी हातातली फोड तशीच धरून ठेवली. "माज्या बाला कुनी पोरं इचारली, की त्यो म्हनायचा, तीन हायेत. तीन म्हंजी माजं भाऊ. म्या तितंच हुबी असायची. मला कवा नजर लागली न्हाय, बग. चांगली धडधाकट हाय." त्यांनी ती फोड माझ्या तोंडात घातली. "पर शाळंत बी कुनी न्हेलं न्हाय."

मला रडू आलं. फोड तोंडात, धड गिळता येईना. आत्यांनी पाठीवर एक धपाटा घातला तेव्हा कुठं श्वास आला. मी डोळे पुसले, घरी फोन लावला, बानूला बोलवायला सांगितलं, आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

"बाने, ऱ्हायली गं तुजी शाळा!" आत्या ओरडल्या, आणि अख्खा फलाट वळून बघायला लागला. "आता रोज येळंवर जा. तुजं नाव सांगून आलीया म्या!"