गोळीची ऑगस्टची सुट्टी

आईच्या पोटदुखीचा गुन्हेगार शोधायला आमच्या घराला नऊ वर्षं लागली. तपास एर्सिलिया आत्याकडे होता. तिने आधी काकडीला पकडलं, मग भोपळी मिरचीला, मग फ्रीजमधल्या गार पाण्याला. शिक्षा मात्र दर वेळी आईलाच व्हायची. नुसतं तेल घातलेला पांढरा भात.

मार्चमध्ये फेरारा शहरातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "संडासला बसताना जीव जातो, तो कोणत्या दिवसांत?"

"पाळीच्या," आई म्हणाली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे आतड्यांवर जेवताना तासभर चर्चा चालते, पाळीवर कधीच नाही.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींची एक गाठ आईच्या आतड्यात रुतून बसली होती. रोज हार्मोनची एक गोळी, खंड न पाडता. पाळी थांबेल, गाठ शांत राहील. सप्टेंबरात तपासणी, आणि आतडं आवळत चाललं असेल तर तेवढा तुकडा कापायचा. आईने त्याची इतकी धास्ती घेतली की गोळीसाठी गजर लावला. जूनमध्ये तर ती संडासातून शीळ घालत बाहेर यायला लागली.

मग ऑगस्ट आला, म्हणजे आमच्याकडे सगळ्यांच्या सुट्टीचा महिना.

"लोरेदाना, ऑगस्टात न्हावीसुद्धा दुकान बंद ठेवतो," आत्या आईला म्हणाली. "तुझ्या यकृताला नको सुट्टी? आणि अडलेलं रक्त जातं कुठे?"

"आत्या, ते तयारच होत नाही," मी म्हणाले.

"तू पंधरा वर्षांची आहेस." झाला निकाल.

बाबा कलिंगडातल्या बिया काढत राहिले. वाद नको म्हणून समुद्रावर जाताना आईने गोळ्या घरीच ठेवल्या. मी त्या माझ्या बॅगेत टाकल्या.

गोळी बंद झाल्याच्या तेराव्या दिवशी भाड्याच्या घरातल्या एकुलत्या एक संडासात आई चाळीस मिनिटं होती. बाहेर आम्ही पाच जण रांगेत. आतून शीळ नाही, नुसतं कण्हणं.

"भोपळी मिरची," आत्याने जाहीर केलं.

मी दवाखान्यात फोन लावला. नवल म्हणजे तो ऑगस्टातही उघडा होता. नर्स म्हणाली, आजच पुन्हा सुरू करा. मी गोळ्यांची पट्टी दाराखालून आत सरकवली.

"आई, यकृताची सुट्टी संपली."

जरा वेळाने नळाचा आवाज आला.

सप्टेंबरात गाठ होती तेवढीच निघाली. ऑपरेशन तूर्त टळलं, गोळी चालू.

रविवारी जेवताना आत्या सगळ्यांना सांगत होती, "काकडी सोडली ना, त्याचा गुण." मी तोंड उघडणार, तोच आईने टेबलाखाली माझा पाय दाबला आणि काकडीची बशी स्वतःकडे ओढली.

"एर्सिलियाताई, मीठ द्या जरा."