लग्नापर्यंत सुई बंद

दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. दंडारीचे खेळ होतात, पाव्हणे येतात आणि सोयरिकी जुळतात. कोणाची पोरगी उजळ, कोणाची कामाची, हे लोक जिलेबीसोबत चाखून बघतात. केवळरामच्या घरी त्या दिवशी पवनीचे पाव्हणे येणार होते, त्याच्या लेकीला, खुशबूला, बघायला. आणि नेमका त्याच सकाळी त्याच्या नातीचा, गुंजनचा, गळा दुखू लागला.

गळाच तो, मिठाच्या पाण्यानं जाईल, असं कोणीही म्हणेल. दोन वर्षांपूर्वी घरच्यांनीही हेच म्हटलं होतं. मग पोरीचा गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा सुजला. केवळरामनं निदान केलं, ‘वात हाय, अंगात फिरून राहिला,’ आणि मोहाचं तेल चोळायला लावलं. धानाच्या रोवणीत पोरगी चिखलात उभी राहीना, तर तिला कामचोर ठरवलं. आडवं पडल्यावर दम कोंडतो म्हणून ती बसून झोपायला लागली, तेव्हा कुठं तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, गळ्याच्या दुखण्यानं सांधे धरले आणि जाता जाता हृदयाची झडप खाल्ली. सांधे सुधारतील, झडप नाही. पुन्हा तसा गळा आला तर उरलीसुरलीही जाईल. म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई, कित्येक वर्षं, न चुकवता.

ती चुकली. एकदा धान कापणीला आलं म्हणून. दुसऱ्यांदा केवळरामनं हुकूमच काढला, की खुशबूचं लग्न होईस्तोवर सुई बंद.

गुंजनचं अंग तापलेलं पाहून तिची आई रुखमिणी ओसरीत आली. सासरा पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता.

“मामाजी, गुंजनले करडीच्या दवाखान्यात नेतो.”

“आज? आज रस्त्यानं सारे सोयरेधायरे फिरून राहिले. कोणी इचारलं कायले आली, तं काय सांगशीन? आमच्या घरात हृदयाची बिमारी हाय म्हून?”

“हाय तेच सांगन.”

“लोक खानदानी बिमारी म्हणतीन. खुशबूले कोण करन मंग? तिचं लगन होऊ दे, मंग टोच किती टोचाचं ते.”

“लगन जुळलं तरी उन्हाळ्यात होईन. पोरीचा गळा आज दुखून राहिला. अन् हे खानदानी नोहे, गळ्यातून झालं, डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगतलं.”

“गळ्यानं कोणी मरत नाही.”

“अन् छातीनं? तुमच्या भावाची छाती भरून आली, डावा हात दुखला, तं तुमी गॅस म्हणून सोडा पाजला. बाटली सरायच्या आंधी माणूस सरला.”

केवळरामचा अंगठा पन्नीवर थांबला. “भुपेंद्रा, बायकोचं तोंड आवर. लय चालून राहिलं.”

भुपेंद्रनं बापाच्या खिशाकडे पाहिलं. गाडीची चावी तिथं होती. मग त्यानं गोठ्याकडे पाहिलं. “सांजच्याले पाहू ना,” तो म्हणाला. लग्नापासून हा माणूस संध्याकाळीच बघत आला होता आणि संध्याकाळ कधी उजाडली नव्हती.

दुपारी भाड्याची बोलेरो दारात उभी राहिली. मुलाची आई गोदावरीबाई उतरली, तिच्यामागे दोन पुरुष. खुशबू साडी सावरत आत बसली होती. केवळरामला तेवढ्यात मोठी अक्कल सुचली. घर कसं धडधाकट आहे हे दाखवायला त्यानं नातीला हाक मारली, “गुंजन, पाव्हण्याईले पाणी आण वं!”

रुखमिणी चुलीपासून उठेस्तोवर पोरगी ट्रेमध्ये तांब्या-पेले घेऊन निघालीसुद्धा. स्वयंपाकघर ते ओसरी, एवढंच अंतर. तिथं पोचेस्तोवर तिचे ओठ निळसर झाले, ट्रे हातात खडखडू लागला. तिनं तो खाली ठेवला आणि खांबाला धरून तोंडानं श्वास घेत उभी राहिली.

“पोरगी काहून धापते जी?” गोदावरीबाईनं विचारलं.

“मंडईत हुंदडली सकाळपासून,” केवळराम हसला.

“नाही हुंदडली,” रुखमिणी दारातून म्हणाली. “तिच्या हृदयाची झडप खराब झाली. गळ्याचं दुखणं आमी अंगावर काढलं, त्यानं झाली. दोन सुया चुकल्या. काहून चुकल्या, ते मामाजीले इचारा.”

मग गोदावरीबाई उठली. “आमी इचार करून सांगतो, भाऊ.” याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

खुशबू पडदा सारून बाहेर आली. “वहिनी, तुयं भलं नाही होनार! माहं घर बसायच्या आंधी मोडलं तुनं!”

“तुये पाय धरतो नंतर,” रुखमिणी म्हणाली. तिनं गुंजनला उचललं. बारा वर्षांची पोरगी, पण कोंबडीएवढं वजन. बाहेर येऊन तिनं बोलेरोचं मागचं दार उघडलं आणि लेकीला आत बसवलं.

“ही आमची गाडी हाय,” गोदावरीबाई म्हणाली.

“माहीत हाय. करडीवरूनच जाता ना? दवाखान्यापाशी सोडा.”

“वा वं बाई. आमाले पाणी पेऊ देलं नाही, अन् आमच्याच गाडीत बसते.”

“पाणी हिच्या हातचंच होतं. तुमीच नाही पेलं.”

गोदावरीबाई नाक मुरडून आत शिरली, पदर आवरून काचेला चिकटली, जणू झडपेचा आजार अंगाला लागतो. पण गाडी थांबवून उतर म्हणाली नाही. वाटेत ती एकच वाक्य बोलली. “बस्तीतल्या साऱ्याईले कळन आता.”

“कळू द्या.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गळा पाहिला, छातीला नळी लावली आणि रुखमिणीला फैलावर घेतलं. ‘दोन वेळा सुई चुकवली? अडाणी आहात का तुम्ही?’ रुखमिणीनं ऐकून घेतलं. सासऱ्याचं नाव सांगायला तिच्याकडे वेळ नव्हता. त्यांनी चिठ्ठी दिली, उद्या भंडाऱ्याला छातीचा फोटो आणि हृदयाची सोनोग्राफी करायला सांगितलं, आणि सिस्टरनं आधी थोडी टोचून अंगाला मानवते का ते पाहिलं, मग मोठी सुई भरली. ही सुई आगीसारखी जाते. गुंजन पालथी पडून खाटेची कड चावत होती.

“माय,” तिनं विचारलं, “आत्याचं लगन मोडलं का माह्यामुळं?”

“मोडलं तं मोडलं,” रुखमिणीनं तिचे दोन्ही पाय घट्ट धरले. “कंबर ढिली सोड.”