हत्ती डाव्या कुशीवर पडतो

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी बढाई म्हणायला नको. बंद डबा कानाशी धरून हलवला की आत काय आहे ते मला कळतं. धुळ्याला गल्ली नंबर चारमध्ये आम्ही मुली गुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरायचो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीची गुलाबाई आणि तिचे गुलोजी घरी येतात, कोजागिरीपर्यंत राहतात. रोज संध्याकाळी मुलींनी टिपऱ्या वाजवत गाणी म्हटली की घरची बाई बंद डबा पुढे करते. आतला खाऊ आधी ओळखायचा, मग खायचा. सातव्या वर्षी मी हरभरे भिजवलेले आहेत की उकडलेले ते आवाजावरून सांगितलं होतं. एका खवट काकूंनी एकदा मुद्दाम रिकामा डबा दिला. तोही ओळखला आणि वर झाकणाला आतून गूळ चिकटलाय हेही सांगितलं. नाही ओळखता आलं तर "हरले" म्हणायचं असतं. हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता.

लग्न होऊन जळगावला आले, पिंप्राळ्यात आमचं घर झालं, आणि दरवर्षी मी गुलाबाई बसवत राहिले. आता खाऊ लपवायचं काम माझं होतं. कॉलनीतल्या पंधरा-वीस मुली यायच्या, गोंगाट करायच्या, चिवड्याला शेव म्हणायच्या, आणि मला फार बरं वाटायचं. आम्हाला मूलबाळ नाही. वर्षातला तो एक महिना घरात आवाज असायचा, हे उगाच लपवण्यात अर्थ नाही.

सत्त्याण्णव साली पहिल्या दिवशी एकही मुलगी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी डबा आमच्या ह्यांच्यासमोर धरला. म्हटलं, तुम्ही तरी ओळखा. ह्यांनी झाकण उघडलं, चार करंज्या खाल्ल्या आणि "करंज्या आहेत" असं सांगितलं. अशा माणसाबरोबर मी सत्तावीस वर्षं संसार केला.

चौथ्या दिवशी कळलं की मुली हस्तीमलशेठच्या दुकानात असतात.

हस्तीमलशेठचं रेल्वे गेटाजवळ कचोरीचं दुकान. ते मुंबईला मेहुण्याकडे गेले होते. मेहुण्याने त्यांना एका परदेशी हॉटेलात नेलं. तिथे पोरांना पावाबरोबर सिनेमातलं खेळणं देतात. शेठजींनी पाव चाखला, खेळणं खिशात टाकलं, आणि परतीच्या गाडीत चाळीसगाव येईपर्यंत त्यांचा विचार पक्का झाला. लोक खेळण्यासाठी इतका फिक्का पाव खात असतील तर कचोरीबरोबर काय खपणार नाही! आठ दिवसांत 'हस्तीमल कचोरी सेंटर'चं 'हस्तीमल फास्ट फूड' झालं. कचोरी यायला पूर्वीइतकाच वेळ लागायचा.

त्यांनी काढला बच्चा बॉक्स. लहान कचोरी, मूठभर वेफर्स आणि पुठ्ठ्याची चिकटवलेली डबी. डबीत खेळणं. त्या वर्षी टॉकीजला हत्तीचा एक सिनेमा धो धो चालला होता. शेवटी हत्ती मोटारसायकल चालवतो, तो. त्यातली सात खेळणी होती: हिरो, हिरोईन, व्हिलन, इन्स्पेक्टर, हिरोची आंधळी आई, हत्ती आणि मोटारसायकल. दिल्लीहून पोत्यांनी आली होती. डबी आधी उघडायची नाही, जे निघेल ते आपलं.

मी तावातावाने दुकानात शिरले. मुलींचे कान धरूनच आणायचे असं ठरवून गेले होते. दारातच आमच्या शेजारच्या भिकुबाई भेटल्या. त्यांची नात हमसून हमसून रडत होती.

"दखा नं कुंदाबाई," भिकुबाई म्हणाल्या, "पोरले चौथा इन्स्पेक्टर निंघना. कालदिनपासून रडी राह्यनी."

चार डब्यांत चारही इन्स्पेक्टरच निघाले होते. त्या पोरीच्या हातात पाचवी डबी होती, अजून न उघडलेली. मी सहज घेतली आणि कानाशी धरली. आत चाकं फिरल्याचा बारीक आवाज आला.

"मोटारसायकल," मी म्हटलं.

पोरीने फाडून बघितली. मोटारसायकल.

मग मला एकामागून एक डब्या देण्यात आल्या. तासाभरात सातही आवाज पाठ झाले. हिरोईनला घागरा, ती गडगडत नाही, सरकते. आई आतून पोकळ. व्हिलनला खाली जाड बैठक. हिरो आणि इन्स्पेक्टर एकाच साच्यातले, फक्त इन्स्पेक्टरच्या डोक्यावर टोपी सैल बसवलेली, ती टकटकते. हत्तीचा एक पाय आखूड होता, त्यामुळे तो नेहमी डाव्या कुशीवर पडायचा. इतकं सोपं होतं. गावाला ते सोपं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागली, आणि ती कचोरीसाठी नव्हती. एक वकील आले. दातांचे डॉक्टर आले, त्यांना तिन्ही मुलांसाठी हत्तीच हवे होते. हे डॉक्टर अविवाहित होते. धुळ्याहून एसटीने दोघे भाऊ आले आणि मला खण-नारळ देऊन पाया पडले. एकाने बंद पाकिटात मुलीचा फोटो आणला आणि हलवून सांगा म्हणाला, स्थळ कसं आहे. मी त्याला हाकललं. खरं तर पाकिटात दोन फोटो होते, पण ते त्याचं तो बघेल.

मला या सगळ्यातून एकच हवं होतं. मुलींना म्हटलं, "मी तुम्हाला खेळणी मिळवून देते, तुम्ही सातला माझ्याकडे गाणी म्हणायला या."

"येऊ काकू," त्या म्हणाल्या, "हत्ती मिळाला की लगेच."

हत्ती मिळाले. मग म्हणाल्या, आई मिळाली की. आई फार थोड्या आल्या होत्या. सगळा पिंप्राळा आई शोधत होता. घरी माझी गुलाबाई गुलोजींकडे बघत बसली होती आणि गुलोजी भिंतीकडे. खाऊ मी रोज करत होते आणि रोज आमचे हे तो उघडून खात होते. माझा जीव अगदी तुटायचा, पण कुणाला सांगणार? पन्नाशीच्या बाईला गाण्याला मुली हव्यात, हे सांगायचं तरी कसं!

इकडे हस्तीमलशेठची झोप उडाली. लोक मला विचारल्याशिवाय डबीच उचलेनात. त्यामुळे दुकानात इन्स्पेक्टरच इन्स्पेक्टर उरले. एवढे जिल्ह्याच्या पोलिसांत नसतील. शेठजींनी माझ्यावर बंदी घालून बघितली, तर मी फुटपाथवर उभी राहिले आणि गिऱ्हाईकही फुटपाथवर आलं.

मग डब्या बदलल्या. एका संध्याकाळी डबी हलवली तर आवाज दबका. मी म्हटलं, "वर्तमानपत्रात गुंडाळलेला व्हिलन." बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी आत तांदूळ. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हिरोईन. आणि तूरडाळ." जरा थांबून सांगितलं, "पॉलिश केलेली." डाळ मिलमधले दोघे गिऱ्हाइकात होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी इन्स्पेक्टरची टोपी दोऱ्याने बांधलेली होती, हिरो वाटावा म्हणून. मी फसता फसता वाचले. दोऱ्याचं टोक पुठ्ठ्याला घासत होतं.

आता मला कुतूहल वाटू लागलं. हे शेठजींचं डोकं नव्हतं. शेठजी सरळ माणूस, फार तर डबीला खिळा मारतील. हे कुणीतरी बसून, विचार करून करत होतं. कोपरे दुहेरी मुडपलेले, दोऱ्याची गाठ इवलीशी. उद्या कुंदाबाई काय ऐकेल, हे त्या कुणालातरी रोज डोळ्यांपुढे येत होतं. खरं सांगते, सगळ्या जळगावात तेवढ्या एकाच माणसाला माझ्या विद्येची कदर होती.

चौकशी केली. दुकानामागे त्यांचं घर. मधल्या भिंतीत एक खिडकी, त्यातून भरलेले ट्रे पुढे यायचे. ट्रे देणाऱ्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. त्या शेठजींच्या बायको, प्रेमकुंवरभाभी. पंचवीस वर्षं त्या खिडकीमागे होत्या. दुकानाच्या पुढच्या बाजूला त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

शेवटी शेठजी हात जोडून माझ्याकडे आले. "कुंदाबाई, एक सौदा करू. रविवारी संध्याकाळी सहाला एक डबी. सगळ्यांसमोर. ओळखली तर कोजागिरीपर्यंत रोज सात ते आठ दुकान बंद, पोरी मी स्वतः तुमच्या दारात आणून सोडतो. नाही ओळखली तर पुन्हा माझ्या डब्यांना हात लावायचा नाही."

मी एका पायावर तयार झाले. रविवारपासून कोजागिरीपर्यंत बारा दिवस होते. बारा दिवस घरात मुली! शनिवारी मी पायलीभर शंकरपाळे करून ठेवले.

रविवारी रस्ता माणसांनी भरला. रिक्षावाल्यांनी रिक्षा आडव्या लावून त्यांच्या टपावर पोरं बसवली. टेबलावर चांदीची थाळी, थाळीत डबी. मी पदर खोचला, डबी उचलली आणि हलवली.

काही नाही.

उलटी केली. तिरकी धरली. नखाने टिचकी मारली. आतून आवाज म्हणून आला नाही. रिकामी म्हणावी तर जड. कापूस कोंबला म्हणावं तर दाबल्यावर पुठ्ठा आत जायला हवा, तो जात नव्हता. वाळूही नाही, ती सरसरते.

"सांग वं माय, काय शे तेमा?" भिकुबाई मागून ओरडल्या. "बठ्ठं गाव दखी राह्यनं!"

मी डोळे मिटले. सातही आवाज आठवले. एकही नव्हता. अंदाजाने हत्ती म्हणता आलं असतं, सातात एकदा खरंही ठरलं असतं. पण खाऊ असा ओळखत नाहीत. डोळे उघडले तेव्हा समोर कॉलनीच्या मुली उभ्या होत्या, आणि त्या आता माझ्याकडे येणार नव्हत्या.

"हरले," मी म्हटलं. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा.

शेठजी आनंदाने डबीकडे झेपावले. मी त्यांचा हात अडवला. "थांबा भाऊ. आमच्यात रीत आहे. ज्या बाईने खाऊ लपवला तिनेच उघडून दाखवायचा. नाहीतर हरणं धरत नाहीत."

"आमच्या घरातल्या बायका दुकानात येत नाहीत," शेठजी म्हणाले.

"मग मी हरले नाही."

लोक बिथरले. दोन तास उभं राहून आत काय आहे हे न कळता घरी जायला कुणी तयार नव्हतं. वकीलसाहेबांनी रीत कायद्याला धरून आहे असं मत दिलं. शेठजी घाम पुसत आत गेले. बऱ्याच वेळाने पडदा हलला आणि हनुवटीपर्यंत घुंगट घेतलेली एक ठेंगणी बाई बाहेर आली. ती गर्दीकडे वळलीसुद्धा नाही. सरळ माझ्यासमोर उभी राहिली आणि डबीची कड सोलू लागली.

डबीत काठोकाठ बेसनचक्की, म्हणजे मारवाड्यांची बेसनाची वडी, थापलेली होती, घट्ट, पिवळीधमक. मधोमध, आडवी रुतलेली, फक्त चेहरा दिसणारी, हिरोची आंधळी आई.

"गरम असताना ओतली," घुंगटातून बारीक आवाज आला. "सकाळपासून तीन वेळा केली. दोनदा आई वितळली."

राग यायला हवा होता. मला हसू आलं, आणि घुंगटही हलायला लागला. शेठजी दोघींकडे आळीपाळीने बघत होते. लोकांनी तिथल्या तिथे बेसनचक्की वाटून खाल्ली. आई दातांच्या डॉक्टरांनी नेली.

मी शब्द पाळला. पुन्हा डबीला हात लावला नाही. सोमवारी मुली आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. मी गुलाबाईपुढे एकटीनेच दोन गाणी म्हटली. आवाज इतका पोरका वाटला की तिसरं म्हणवेना. शंकरपाळ्यांचा डबा झाकणासकट तसाच होता. ह्यांना मी तो उघडू दिला नाही.

बुधवारी सात वाजता दार वाजलं. बाहेर शेठजींची स्कूटर आणि शेठजी, तोंड पाडून. मागून प्रेमकुंवरभाभी उतरल्या.

"तासाने घ्यायला या," त्या शेठजींना म्हणाल्या आणि सरळ आत आल्या. घुंगट मागे सारला. चेहरा गोल, कपाळावर घामाचे थेंब. गुलाबाई-गुलोजींकडे बघून त्यांनी हात जोडले. "अरे, हे तर आमचे ईसर आणि गणगौर! आम्ही चैत्रात बसवतो. लहानपणी, गावाकडे." मग थांबून म्हणाल्या, "मला तुमची गाणी येत नाहीत. आमची म्हटली तर चालेल?"

"चालेल की," मी म्हटलं.

त्यांनी खाली मांडी घातली आणि मारवाडीत मोकळ्या गळ्याने गाणं सुरू केलं. खिडकीमागच्या बाईचा एवढा मोठा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. मी टिपऱ्या घेतल्या. त्यांची पाच झाली, माझी पाच झाली. आमचे हे आतल्या खोलीतून दोनदा डोकावून गेले.

मग मी शंकरपाळ्यांचा डबा पुढे ठेवला. भाभींनी तो दोन्ही हातांनी उचलला, कानाशी धरला आणि जोरजोरात हलवला. त्यांनी आयुष्यभर भरलंच होतं, ओळखायला कुणी दिलं नव्हतं.

"हत्ती," त्या म्हणाल्या.

"अहो, खाऊ आहे!"

"शेंगदाणे?"

"नाही."

"मठरी? साबुदाणा? खडीसाखर?"

मी मान हलवत राहिले. त्यांनी वीस पदार्थांची नावं घेतली. एकही जवळपासचा नव्हता. इतकं वाईट ओळखणारं माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. हसून हसून आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला.

"हरले," प्रेमकुंवरभाभी म्हणाल्या आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "दाखवा आता. रीत आहे ना?"

मी डबा उचलला आणि फडताळात ठेवून कडी लावली.

"एवढ्यात हरायचं नसतं," मी म्हटलं. "उद्या या."