उभ्याने खाल्लेलं

मी एक प्रश्नावली बोलतेय. चार पानांची, कोपऱ्यात पिन मारलेली. तुम्ही व्रतं धरता ना, तसा यंत्रातून गरमगरम बाहेर पडतानाच मीही एक नेम धरला होता: विचारीन सगळं, पण लाजवणार कुणालाच नाही.

नेम धरणं सोपं, निभावणं कठीण. हे तुम्हाला मी काय सांगू!

दवाखान्यात वजन कमी करायला येणाऱ्या माणसांच्या खाण्याच्या सवयी बदलतायत का, हे मी ओळखायचं. पण आधी माझीच पारख. तज्ज्ञ मंडळी स्थळ बघायला आल्यासारखी बसली. "फारच लांब आहे." "बोलणं जरा जड आहे." माझ्या अंगावर लाल रेघाच रेघा!

मग मी माणसांत गेले, आणि बघते तर सगळेच साधुसंत! 'मध्येमध्ये खाता का?' कधीच नाही. कोपऱ्यातला वजनकाटा गालातल्या गालात हसत होता. मला लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "हिला लोकांकडून खरं काढून घेता येत नसेल, तर ही रद्दीतच जायची."

शेवटचा उपाय म्हणून लोकांना माझे प्रश्न मोठ्याने वाचायला सांगून, त्यातून त्यांना काय कळलं ते विचारायचं ठरलं. पहिल्याच आल्या एक काकू, सोबत त्यांची थोरली जाऊ.

"लिही हो खरं," जाऊबाई म्हणाल्या. "चोरून खातेस, म्हणून तर काटा हलत नाही."

काकूंचे डोळे भरून आले. "देवाशपथ डॉक्टरीणबाई, जेवणाशिवाय घास घेत नाही मी. घरात कुणालाच पटत नाही."

मी तर शरमून गेले. माझा नेम माझ्याच देखत मोडत होता.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "काकू, 'खाणं' म्हणजे काय समजलात?"

"ताट वाढून घ्यायचं, बसायचं, जेवायचं."

"आणि उभ्याने?"

"उभ्याने कोण खातंय? मुलांच्या ताटात राहतं, पातेल्याच्या तळाशी राहतं, ते संपवते. अन्न टाकवत नाही हो. ते काय खाणं झालं? ते आवरणं!"

डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या, काकूही पदराआड हसल्या. जाऊबाईंचा हात मात्र तोंडाशी गेला. "अगंबाई! आवरते तर मीपण!"

काकूंची ना चोरी होती, ना खोटेपणा. विचारणंच माझं तोकडं होतं. मग माझ्या अंगावर नवी ओळ आली: 'उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तुम्ही खाता का?' काकूंनी 'रोज'वर ठसठशीत खूण केली. बाकीचे साधुसंतही भराभर जमिनीवर उतरले.

पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा. उत्तरं जुळतात का ते बघायला. तोवर सवय बदलू नका, असं बजावलेलं. काकूंनी तेही नेमाने पाळलं! खुणा जुळल्या, मी विश्वासाची ठरले. जाताना त्या म्हणाल्या, "आता बदलू का?"

परवा त्या पुन्हा आल्या. 'रोज' सोडून पेन 'कधीतरी'वर टेकलं. जाऊबाई शेजारीच होत्या. "आम्ही आता वाढतोच बेताने," त्या म्हणाल्या, "आणि हिला कुणी काही बोललं, तर गाठ माझ्याशी."

माझ्या कडा आता दुमडल्यात, नवी प्रत लवकरच निघेल. जाता जाता एवढंच मागते. घरातल्या कुणाला खाण्याबद्दल विचाराल, तेव्हा माझा नेम तुम्हीही धरा. विचारा सगळं, लाजवू मात्र नका.